धीर देणारे शब्द, गप्प करणारे शब्द
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या वस्तीतली मुले-मुली आज इंग्रजीतून शिकतात. कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत, कुणी फोनवर गिऱ्हाइकांशी बोलण्याच्या नोकरीत आहे. चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाची समजूत त्यांना इंग्रजीत काढावी लागते. लहान शब्दकोश उघडला तर ‘पॅसिफाय’, ‘अपीज’, ‘कम्फर्ट’, ‘सूद’ या सगळ्यांपुढे ‘शांत करणे’ असेच लिहिलेले सापडते. पण हे शब्द एका घरातले नाहीत. कुठला शब्द समोरच्याच्या पदरात काय टाकतो, ते बघायला पाहिजे.

‘पॅसिफाय’ घ्या. लॅटिन भाषेत ‘पॅक्स’ म्हणजे शांतता. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात जी रबरी चोखणी देतात तिला अमेरिकेत ‘पॅसिफायर’ म्हणतात. बाळ गप्प होते, पण पोटात दूध जात नाही. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशातले मंडाले घेतले आणि पुढची काही वर्षे तिथला विरोध सैन्य घालून मोडला. तिथे चीफ कमिशनर राहिलेल्या क्रॉस्थवेट यांनी त्यावर १९१२ साली पुस्तक लिहिले. नाव काय, तर ‘द पॅसिफिकेशन ऑफ बर्मा’! तोंड बंद झाले की शांतता झाली, असा हा हिशेब.

दुसरा शब्द ‘अपीज’. समोरच्याला हवे ते देऊन गप्प करणे. हा शब्द पूर्वी इतका वाईट नव्हता. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमेवरचा मुलूख हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा मुलूख गेला, त्या चेक लोकांना चर्चेला बसवलेसुद्धा नाही. मार्च १९३९ मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला, सप्टेंबरमध्ये पोलंडवर चालून गेला. तेव्हापासून ‘अपीजमेंट’ला जो डाग लागला तो गेला नाही. बाबासाहेबांनी ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या ग्रंथात ‘अपीजमेंट’ आणि ‘सेटलमेंट’ यांतला फरक सांगितला आहे. पहिल्यात मागणीला हद्द नसते. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना ओलांडता येणार नाही अशी हद्द आखलेली असते.

आता घरात या. दारू पिऊन आलेल्या माणसाने तमाशा करू नये म्हणून माउली डब्यातले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवते. त्या रात्री घर शांत होते. पण ते पैसे पोरीच्या फीचे असतात, आणि पोरीला कुणी विचारलेले नसते. चेक लोकांचे झाले तेच तिचे होते. यात दोष माउलीचा नाही, तिला एकटे पाडणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

आता चांगले शब्द. ‘कम्फर्ट’ म्हटले की आपल्याला गादी-सोफा आठवतो. पण त्याच्या पोटात लॅटिन ‘फोर्टिस’ आहे, म्हणजे बळकट. मुंबईच्या फोर्ट भागाच्या नावातला ‘फोर्ट’, म्हणजे किल्ला, तोही त्याच मुळाचा. तेव्हा ‘कम्फर्ट’ म्हणजे आपले ‘धीर देणे’. ‘कन्डोलन्स’मध्ये ‘सोबत दुःख भोगणे’ असा अर्थ आहे. ‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत’ असे आपण फलकावर लिहितो, ते अगदी तेच. आणि एक गंमत बघा. शाळेत ज्याला इंग्रजीत ‘कन्सोलेशन प्राइज’, म्हणजे सांत्वनाचे बक्षीस म्हणतात, त्याला मराठीत आपण ‘उत्तेजनार्थ’ म्हणतो. इंग्रजी शब्द हरलेल्याचे डोळे पुसतो, मराठी शब्द त्याला पुन्हा उभे राहा म्हणतो.

शेवटचा शब्द ‘सूद’. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता ‘खरे आहे असे दाखवून देणे’. आपले ‘सत्य’ आणि पालीतले ‘सच्च’ यांच्याशी त्याचे दूरचे नाते आहे. पुढे सोळाव्या शतकात त्याचा अर्थ ‘हो ला हो म्हणणे, खूश ठेवणे’ असा झाला, आणि त्यानंतर ‘शांत करणे’. सत्यावरून निघालेला शब्द खुशामतीच्या गावावरून आला!

दहावीत गणितात नापास झालेल्या पोरीला आपण काय म्हणतो? ‘पेपर तपासणाराच वाईट होता.’ ही झाली सोळाव्या शतकातली समजूत. ‘गणित राहिले, बाकीचे विषय सुटले, चल, पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरू’ ही खरी समजूत. ती ऐकून पोरगी थोडी जास्त रडेल, पण दुसऱ्या दिवशी वही उघडेल.

नोकरी करणाऱ्या मुलांना एवढेच सांगतो. ‘काम डाऊन’ म्हणताना ‘काम’मध्ये ‘ल’ उच्चारायचा नाही. पण चिडलेल्या माणसाला ते शब्द शक्यतो म्हणूच नका, त्यात हुकूम आहे. ‘टेक युअर टाइम’, सावकाश सांगा, असे म्हणा आणि ऐकून घ्या. माणूस गप्प झाला म्हणजे शांत झाला असे समजू नका.