अर्धा कोयता



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिताना आणि कायद्याची पुस्तके चाळताना. म्हणून आज मी एका बाळंतपणाची हकीकत तेवढी सांगणार आहे.

आपल्या खानदेशातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात. साक्री-शिरपूरकडची भिल्ल-पावरा कुटुंबे बारडोली-सुरतेकडे जातात, चाळीसगावकडच्या तांड्यांवरची पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे. तेथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीसाठी मिळते, वहीत नाव मात्र नवऱ्याचे. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी टनावर. ती एक दिवस बसली तर नवऱ्याचेही काम अडते आणि उचल फिटायची राहते.

काही वर्षांपूर्वी बारडोलीकडच्या एका पडावावर आठवा महिना लागलेली एक बाई मी मोळी वाहताना पाहिली. म्हटले, "ताई, आता तरी बसा." ती म्हणाली, "दादा, मी बठनू ते कोयता मोडी." त्याच रात्री गाडी भरताना तिला कळा लागल्या. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, कार्ड कोठे आहे? कार्ड गावी, पत्र्याच्या पेटीत! रक्तगट कोणता, अंगात रक्त किती, कोणास ठाऊक नाही. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आढळतो. तिला तो आहे की काय, हेही डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता. सुदैवाने मायलेकरे वाचली. पण दहाव्या दिवशी ती पुन्हा फडात होती, आणि ते अपुऱ्या दिवसांचे मूल बांधावर पाचटाच्या आडोशाला.

आपण म्हणाल, यासाठी कायदा नाही काय? आहे, आणि जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हा प्रश्न आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा हक्क उचलून धरला. १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण रजा मागायची कोणाकडे? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, उचल नवऱ्याने घेतली. जिचे नाव कोणत्याच वहीत नाही, तिला मालकच नाही!

२०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे, नेण्या-आणण्याचे वाहनही. ही मोठीच सोय झाली. मात्र दवाखान्याचे बिल नसले तरी बुडालेल्या मजुरीचे बिल उरतेच, आणि ते बाळंतीण फेडते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मुकादमाच्या वहीला मी नावे ठेवतो. पण आमच्या युनियनच्या वहीतही कित्येक वर्षे फक्त पुरुषांचीच नावे होती. बायकांची वर्गणी घेतली, मोर्चात त्यांना पुढे ठेवले, आणि नाव लिहिताना नवऱ्याला विचारले. दहाव्या दिवशी फडात उतरलेल्या त्या बाईचे नाव मी शोधू लागलो, तेव्हा ते माझ्याच वहीत नव्हते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. उचलीच्या वहीत बाईचे नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहा. बाळंतपणाचे आठवडे उचलीत खाडा म्हणून धरू नका. तो भार कारखाना आणि सरकार यांनी वाटून घ्यावा. आणि तिचे कार्ड तिच्याबरोबर जाऊ द्या.

यांतील शेवटचे काम आपल्या हातचे आहे. दिवाळीआधी गाड्या भरतात, त्या दिवसांत येथील डॉक्टरांनी आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी चार दिवस द्यावेत. आशाताईंच्या बरोबर वस्तीवर जावे, रक्त तपासावे, कार्ड भरून बाईच्या हाती द्यावे. सभा संपल्यावर बाहेर आमचे कार्यकर्ते वही घेऊन बसले आहेत. या वहीत नाव लिहावे एवढी विनंती करतो.