स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या सांगलीच्या पेठेत अडत्याच्या गाळ्यावर हळकुंड मोडून आतल्या रंगावरून मालाची प्रत ठरविण्याचा, आणि शेजारच्या हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत हळद साठविण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या सांगलीतील या परिषदेत स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांत अँटिऑक्सिडंट द्रव्ये नॅनोकणांतून पोचविण्याचा विचार व्हावा, हे मी या नगरीचे भाग्य समजतो.

हळदीचे सत्त्व जे कर्क्युमिन, तेही असेच एक अँटिऑक्सिडंट द्रव्य असून ते १८१५ साली प्रथम वेगळे करण्यात आले. प्रयोगशाळेतील कर्करोगपेशींवर त्याचा प्रभाव वारंवार दिसला. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यांतून अत्यल्प शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचाही यकृत सत्वर निकाल लावते, म्हणून मेदाच्या वा बहुवारिकाच्या सूक्ष्म कवचात घालून ते धाडण्याची तजवीज संशोधकांनी आरंभिली. अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत फटी राहतात व त्यांतून मोठे रेणू आत शिरून तेथेच साचतात, हे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली दाखविले, त्यातून या प्रयत्नांना दिशा मिळाली. अल्ब्युमिनच्या कणांत बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाला तर पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी अमेरिकेत २००५ सालीच मान्यता मिळाली. कर्क्युमिनचे नॅनोकण मात्र अद्याप बहुतांशी पेशी आणि उंदीर यांच्यापुरतेच आहेत, आणि हळदीचा कितीही अभिमान असला तरी हे या पेठेतून स्वच्छ सांगितले गेले पाहिजे.

त्याहूनही अवघड प्रश्न पुढेच आहे. डॉक्सोरुबिसिन हे तांबडे औषध कर्करोगपेशींबरोबर रुग्णेच्या हृदयालाही इजा करते, आणि त्या इजेत अँटिऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात त्या मुक्तकणांचा वाटा असल्याने अँटिऑक्सिडंट हृदयाचे रक्षण करील ही आशा रास्त आहे. पण तेच द्रव्य अर्बुदाचेही रक्षण करणार नाही, याची हमी कोणी द्यावी? केमोथेरपीच्या आधी व चालू असताना अशा पूरक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असावे, असा संकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने दिला. औषध नेमके कोठे उतरते, या प्रश्नाचे महत्त्व त्यामुळेच वाढते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. गाठ हाताला लागलेल्या कोणत्याही भगिनीने हळदीच्या भरवशावर घरी बसू नये, आणि उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतीही पूरक गोळी घेऊ नये, असा ठराव या परिषदेने साध्या मराठीत करावा व तो गावोगावच्या दवाखान्यांत लावण्याची व्यवस्था करावी.