अडवावे, पण मोडू नये
(वारंगा फाटा येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानाच्या विषयावर चार शब्द बोलावेत असे कार्यकर्त्यांनी सुचविले, तेव्हा आम्हांस एक प्रसंग आठवला. गेल्या वर्षी आम्ही काही पालक मुलामुलींना घेऊन एका रोबोट स्पर्धेला गेलो होतो. तीन महिने खपून मुलांनी यंत्र तयार केले होते. मोटारी भंगारातल्या वायपरच्या, बॅटरी मोटारसायकलची, सांगाडा खिडकीच्या ॲल्युमिनियमचा. चेंडू उचलून टोपलीत टाकायचे, असा खेळ होता. दुसऱ्या फेरीत समोरच्या रोबोटने खालून पत्रा घालून आपला रोबोट उचलला आणि उलटा पाडला. हात मोडला, वायरी तुटल्या. मुलांनी पंचांकडे दाद मागितली. नियमपत्रिकेत एकच ओळ होती, 'धक्काबुक्की करू नये.' समोरचे म्हणाले, आम्ही धक्का दिलाच नाही, बचाव केला. पंच म्हणाले, खेळात असे व्हायचेच. आमच्याजवळ जास्तीचा एकही सुटा भाग नव्हता. आम्ही परत निघालो.

गाडीत एक मुलगी म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी आपण लोखंडाचा करू आणि त्यांचाच मोडू." पराभवापेक्षा हे वाक्य आम्हांला जास्त लागले. म्हणून आज रोबोट कसा बनवावा हे न सांगता, एका रोबोटने दुसऱ्याला किती आणि कसे अडवावे, याविषयीच्या नियमांवर बोलायचे ठरविले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. रोबोटची मोडतोड हाच जिथे खेळ असतो, अशाही स्पर्धा आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९९८ साली सुरू झालेल्या टेकफेस्टमधील रोबोवॉर सर्वांना ठाऊक आहे. तिथे उतरणारा प्रत्येक जण मोडण्याची तयारी ठेवूनच येतो, त्यामुळे तिथे फसवणूक नाही. प्रश्न येतो तो ज्या खेळात काम वेगळे असते तिथे. चेंडू टाकायचे आहेत, वस्तू रचायच्या आहेत आणि समोरचा वाटेत उभा आहे, अशा खेळात त्याला किती भिडायचे?

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ साली टोकियो येथे सुरू झाली. आपल्या पुण्याला तिचा आंतरराष्ट्रीय सामना भरविण्याचा मान दोनदा मिळाला. २००८ साली दहीहंडीवरून 'गोविंदा' हा खेळ ठेवला होता. २०१४ साली आईवडिलांना वंदन हा विषय होता. त्यात मोठा रोबोट लहान रोबोटला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर नेत असे, आणि पूर्ण विजयाला नाव दिले होते 'शाबाश'. पुढे २०२५ साली मंगोलियात उलानबातर येथे बास्केटबॉलचा खेळ झाला. त्यात समोरच्याची फेक अडविणे हा खेळाचाच भाग होता. समोरच्याचे यंत्र मुद्दाम मोडले तर संघ बाद, हे तत्त्व या स्पर्धेत आहेच.

परंतु अडविण्याच्या नियमांचा सर्वांत बारीक विचार झाला तो अमेरिकेतील 'फर्स्ट' या संस्थेच्या स्पर्धेत. डीन केमन यांनी १९८९ साली ही संस्था काढली आणि १९९२ साली एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज तिथे मुंबईच्या शाळकरी मुलांचे संघही उतरलेले आहेत. दोन बाजूंना प्रत्येकी तीन रोबोट असतात. २०२४ साली बंपर व बॅटरी सोडून एका रोबोटला १२५ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो वजनाची मुभा होती. एवढे धूड वेगाने येऊन आदळते. विद्यार्थ्यांनी विज्ञानात शिकलेले आठवावे, वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून २००८ सालापासून प्रत्येक रोबोटला बंपर सक्तीचे झाले. प्लायवूडची फळी, तिच्यावर फोमच्या नळ्या, वरून लाल किंवा निळे कापड. सर्वांचे बंपर एकाच उंचीच्या पट्ट्यात हवेत, म्हणजे बंपर बंपरलाच भिडतो. बंपरने ढकलून समोरच्याला वाटेतून हटविणे तिथे उघडपणे मान्य आहे.

मग मनाई कशाला? समोरच्याला मुद्दाम उलटे पाडणे, अडकवून गुंतविणे, दोघा-तिघांनी मिळून खेळाचा मुख्य भागच बंद करून टाकणे, या गोष्टींना मनाई आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम मोडतोडीचा. त्याचे दोन भाग आहेत. मुद्दाम नुकसान केले तर दोष आहेच. आणि स्वतः पुढाकार घेऊन समोरच्याच्या चौकटीच्या आत शिरून नुकसान केले, तर हेतू नव्हता असे सांगूनही सुटका नाही. आमच्या मते हा दुसरा भाग फार शहाणपणाचा आहे. मनातले पंचाला दिसत नाही. आपला पत्रा दुसऱ्याच्या चौकटीत गेला की नाही, हे मात्र दिसते.

अडकवून धरण्यालाही मोजमाप आहे. भिंतीशी किंवा कोपऱ्यात रोबोट दाबून धरला की पंच हाताने मोजू लागतो. २०२४ साली ही मर्यादा पाच सेकंदांची होती, २०२५ साली तीन सेकंदांची केली. मर्यादेनंतर मागे हटून सुमारे दोन मीटर अंतर द्यावे लागते. जरासे सरकून पुन्हा दाबणे चालत नाही. विहिरीवरची मोटार जाम झाली आणि वीज चालूच राहिली, तर वाइंडिंग जळते, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगायला नको. रोबोटचेही तसेच. चाके फिरू शकली नाहीत की मोटार खूप विद्युतप्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. काही सेकंद अडविणे हा डाव झाला. बराच वेळ दाबून धरणे म्हणजे दुसऱ्याची मोटार जाळणे होय.

हे काही आपल्याला परके नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. त्याला पकडावे, अंगाला, पायाला धरून रोखावे. पण तोंड दाबून त्याचा श्वास कोंडणे, कपडे किंवा केस धरणे, पायांची कैची घालणे चालत नाही. पकड हा खेळाचा प्राण आहे, म्हणूनच तिला मर्यादा आहे.

काही सभासद म्हणतील, कटकट कशाला, स्पर्शच बंद करून टाका. आम्हीही परतीच्या वाटेवर हेच म्हणत होतो. नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. स्पर्श पूर्ण बंद केला तर ज्याच्याजवळ महागड्या मोटारी आणि सेन्सर आहेत तोच जिंकणार, कारण त्याला रोखण्याचा मार्गच उरत नाही. साध्या चार चाकांचा, पण हुशारीने चालविलेला रोबोट मोक्याच्या जागी उभा राहून भल्याभल्यांची वाट अडवू शकतो. साधनांत कमी असलेल्या संघाची ती मोठी ताकद आहे. उलट सर्वच मोकळे सोडले, तर वजनदार व मजबूत यंत्र जिंकणार, आणि ज्याच्याजवळ सुटे भाग नाहीत तो पहिल्याच धडकेत घरी जाणार. श्रीमंत संघाची मोटार जळली तर तो दुसरी बसवितो; आपल्या मुलांची जळली तर त्यांचे वर्ष गेले. म्हणून मोजके भिडणे मान्य करावे आणि त्याचे माप आधी लिहून ठेवावे. दोन्ही टोके गरिबाच्या मुलाला बाहेर काढतात.

केंद्र शासनाने २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले. निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा उभारण्यास २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आणखी शाळांतून असे वर्ग निघतील आणि गावोगाव स्पर्धाही होतील. आपल्या संस्थेनेही एक लहान स्पर्धा घ्यावी, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कागदावर असाव्यात. सर्व रोबोट तराजूवर तोलून घ्यावेत. बंपर एकाच उंचीवर असावा. प्लायवूड आणि जुनी गादी किंवा फोम चालेल. पाचर, आकडा, धारदार कडा तपासणीतच बाद कराव्यात, कारण खालून उचलले की चाकांची जमिनीवरची पकड सुटते आणि चालविणारा असहाय होतो. चुन्याने आखलेल्या सुरक्षित जागेत कोणी कोणाला शिवू नये. दाबून धरल्यास पंचाने पाचपर्यंत मोठ्याने मोजावे. दोष घडल्यास गुण समोरच्या संघाला द्यावेत. आणि दाद मागायला संघातील एकाच विद्यार्थ्याने पंचांसमोर जावे. 'फर्स्ट'च्या स्पर्धेतही असेच आहे. आम्हां वडीलधाऱ्यांनी रेषेबाहेर गप्प बसावे, हे आम्ही स्वतःला उद्देशून सांगतो.

हा फाटा आपण रोज पाहतो. हिंगोलीकडून, नांदेडकडून आणि हदगावकडून येणारी वाहने इथे एकत्र येतात. कोणी थांबायचे आणि कोणी निघायचे हे ठरलेले नसेल, तर ट्रकला वाट मिळते आणि सायकलवाला खाली उतरून उभा राहतो. नियमाची गरज सर्वांत आधी सायकलवाल्याला असते.

त्या मुलीला आम्ही तेव्हा काही उत्तर देऊ शकलो नाही. ती आज समोर बसली आहे. तिला सांगणे एवढेच, बाळ, रोबोट मजबूत जरूर कर, समोरच्याला छातीठोक अडव. पण सामना संपल्यावर दोन्ही रोबोट आपल्या चाकांवर चालत बाहेर आले पाहिजेत. आणि नियमपत्रिका लिहायला बसू, तेव्हा पहिला नियम तूच लिही.