फ्लेक्स मशीन कुठे अडते?

गणपती जवळ आले की सोनिवली-बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत फ्लेक्स छापणाऱ्यांची रात्रपाळी सुरू होते. नेमकी तेव्हा दहा फुटी मशीन अडते, ती बहुधा एखाद्या छोट्या, स्वस्त भागापायी.

आधी कॅप पाहा. मशीन थांबलेली असताना प्रिंटहेड या रबरी कडेच्या कॅपवर टेकलेला असतो, म्हणून नोझलमधली शाई वाळत नाही. सॉल्व्हंट शाईनं ही कड हळूहळू फुगते किंवा कडक होते. मग फटीतून हवा शिरते, शाई नीट ओढली जात नाही आणि छपाईत पांढऱ्या रेघा उमटतात. दोष मात्र थेट हेडवर येतो! हेड फार महाग; तो बदलण्याआधी कॅप, हेड पुसणारा वायपर आणि हेडकडे जाणारी शाई गाळणारा डॅम्पर बदलून पाहाच. डॅम्परची बारीक जाळी तुंबली, तर लांब छपाईत रंग मधेच फिका पडतो.

चित्र सरकत असेल, तर एन्कोडर पट्टी तपासा. तिच्यावरच्या सूक्ष्म रेघांवरूनच हेड वाहून नेणाऱ्या कॅरेजची जागा मशीनला कळते. शाईचा तुषार बसला असल्यास मशीन बंद करून मऊ, किंचित ओलसर कापडानं हलकेच पुसा. थिनर नको, त्यानं रेघाच पुसल्या जाऊ शकतात.