माती, मीठ आणि मुलाची बुद्धि



माझें सारें आयुष्य शाळेंत शिकविण्यांत गेलें. पाढे न येणाऱ्या एका मुलास मी ‘ठोंब्या’ म्हणत असें आणि प्रगतिपुस्तकांत ‘आळशी’ असा शेरा देत असें. पुढें कळलें, कीं त्यास ऐकूं कमी येत होतें. दोष त्याच्या कानांत होता. मीं तो त्याच्या स्वभावांत शोधला. मुलाची वाढ कशाकशावर अवलंबून असते, हा विचार तेव्हांपासून मला सोडीत नाहीं. आज त्याचें एकच उदाहरण सांगतों.

हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोरें आहे. तेथें गलगंडाच्या रोगानें घर केलें होतें. अशा प्रदेशांत कांहीं मुलें जन्मतःच मुकीं-बहिरीं व मंदबुद्धि निपजतात. कारण पायांखालींच असतें. बर्फ व पाऊस यांनीं डोंगरांतील मातींतून आयोडीन धुऊन नेलेलें असतें. मातींत नाहीं म्हणून धान्यांत नाहीं. धान्यांत नाहीं म्हणून मातेच्या रक्तांत नाहीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि आयोडीनापासून जो स्राव बनविते, त्यावांचून गर्भाच्या मेंदूंतील पेशी नीट वाढत नाहींत. आणि पहिले कांहीं महिने गर्भास तो मातेकडूनच मिळतो. प्रौढ माणसास रोज आयोडीन लागतें तरी किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील सुमारें १५०!

१९५६ सालीं डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं या खोऱ्याचे भाग पाडून प्रयोग आरंभिला. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलें, एका भागांत साधें. कांहीं वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंड ओसरला. १९६२ सालीं सरकारनें त्यासाठीं राष्ट्रीय योजना सुरू केली.

अणु, पेशी, ग्रंथि, शरीर, घर, बाजार, सरकार अशा एकावर एक थरांच्या आंत मूल वाढत असतें. येथें बिघाड मेंदूंत दिसला. परंतु त्याचें मूळ मातींत व उपाय मिठाच्या व्यापारांत होता. छडीनें तो सुधारला नसता.

प्रत्येक मंद मूल आयोडीनाअभावींच मंद असतें, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु शेरा लिहिण्यापूर्वीं शिक्षकांनीं व आईबापांनीं मुलाचे कान, डोळे, पोट आणि घर हीं पाहावींत. तो मुलगा मला पुन्हा भेटला नाहीं. त्याच्या प्रगतिपुस्तकांतील शेरा मात्र माझ्याच हस्ताक्षरांत आहे.