यमूची कथा आणि नववीचा वर्ग

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकांतून इ. स. १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली आणि १८९३ सालीं तिचें पुस्तक निघालें. मोठ्या माणसांनीं ती कशी वाचली याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. चौदा वर्षांचीं मुलें ती आज कशी वाचतात, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. पुस्तक नेमावयाचें, टिपा उतरवून द्यावयाच्या, प्रश्न घालावयाचे आणि उत्तरें तपासावयाचीं, हा शाळांचा क्रम ठरून गेलेला आहे. त्यांत पुस्तक वाचून मुलाला काय वाटलें हें विचारण्यास जागाच उरत नाहीं. मराठवाड्यांतील एका तालुक्याच्या गांवच्या शाळेंत ही जागा कांहीं महिने निघाली. तेथें काय घडलें तें श्रोत्यांनीं ऐकण्यासारखें आहे.

त्या शाळेंत नववीच्या वर्गाला पूरक वाचन म्हणून ही कादंबरी लावली होती. ग्रंथ जाडजूड, भाषा सव्वाशें वर्षांपूर्वीची. पहिल्याच पंधरवड्यांत तक्रारी आल्या कीं, गोष्ट पुढें सरकतच नाहीं. मराठीच्या बाईंना त्या तक्रारींत तथ्य दिसलें. मूळच्या वाचकांनीं तरी हा ग्रंथ एका बैठकींत कोठें वाचला होता? त्यांना तो आठवड्याला थोडा थोडा मिळत होता, आणि मधल्या दिवसांत घरोघर त्याची चर्चा होत होती. तेव्हां बाईंनीं दर शनिवारीं कांहीं पानें मोठ्यानें वाचून तेथेंच थांबण्याचा नेम केला. सोमवारीं प्रत्येकानें आपापल्या वहींत काय वाटलें तें चार ओळींत लिहून आणावें. त्याला गुण नाहींत आणि त्यांतील शुद्धलेखन सुधारलें जाणार नाहीं, असें ठरलें. ही दुसरी अट पाळणें शिक्षकाला किती जड जातें, तें शिक्षकच जाणें!

पहिल्या सोमवारच्या वह्या निराशा करणाऱ्या होत्या. लेखकानें तत्कालीन स्त्रीजीवनाचें विदारक चित्र रेखाटलें आहे, हें एकच वाक्य निम्म्याहून अधिक वह्यांत होतें. ‘विदारक’ म्हणजे काय, हें त्यांपैकीं एकालाही सांगतां येईना. असलीं वाक्यें मुलें मार्गदर्शकांतून उचलतात, हें खरें. परंतु मार्गदर्शकें छापणाऱ्यांनीं तीं शिक्षकांच्या तोंडूनच घेतलेलीं असतात, हेंही तितकेंच खरें. एका मुलानें मात्र दोनच शब्द लिहिले होते: ‘झोप आली.’ बाईंनीं त्याचें नांव न घेतां ते वर्गांत वाचून दाखविले आणि विचारलें, “कोठें आली? कोणत्या पानाशीं?” मुलानें पुस्तक उघडून जागा दाखविली. जागा दाखवितां आली त्या अर्थीं त्यानें तेथपर्यंत लक्ष दिलें होतें. आणि त्यानें दाखविलेला भाग खरोखरच पाल्हाळाचा होता. बाईंनीं तसें कबूल केलें. हरिभाऊंच्या लेखनांत पाल्हाळ आहे असें शाळेंत म्हणतां येतें, हें कळल्यावर मग वह्या मोकळ्या झाल्या.

सुरुवातीला हंशाच फार झाला. यमू नवऱ्याचा उल्लेख नांवानें करीत नाहीं. ‘इकडून’, ‘स्वारी’ असल्या शब्दांनीं करते. मुलांना वाटलें, हा कोणी तिसराच मनुष्य आहे. एका मुलीनें घरीं जाऊन ही गंमत पणजीला सांगितली. पणजी हंसली नाहीं. उलट तिनेंही जन्मभर नवऱ्याचें नांव उखाण्याखेरीज घेतलें नव्हतें, असें तिच्याकडून कळलें. सोमवारीं त्या मुलीनें लिहिलें कीं, यमूची गोष्ट जुनी आहे असें तिला वाटत होतें, पण ती तर घरांतच बसलेली आहे. चांगल्या टीकाकारालाही याहून अधिक सांगतां आलें नसतें.

रघुनाथराव सर्वांना आवडले. त्यांनीं यमूला शिकवावें, मुंबईस दोघांनीं बिऱ्हाड करावें, हा भाग वर्गानें आनंदानें ऐकला. आणि पुढें रघुनाथराव जातात तेव्हां मुलें लेखकावर रागावलीं. त्यांना मारण्याची काय गरज होती, असें कितीएकांनीं लिहिलें. या प्रश्नाचें उत्तर एका मुलीच्या वहींतच निघालें. तिचें म्हणणें असें कीं, रघुनाथराव चांगले म्हणून यमू सुखी होती. दुर्गीचा नवरा वाईट म्हणून दुर्गी दुःखी. दोघी मैत्रिणी सारख्याच. मग सुख कोणाचें, यमूचें कीं नशिबाचें? ते वारल्याबरोबर सारें गेलें, म्हणजे तें मुळांत यमूचें नव्हतेंच. या कादंबरीचें मर्म इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणी सांगितलें असेल.

शंकरमामंजींच्या ढोंगाविषयीं लिहितांना मुलांना विशेष उत्साह आला. असा देवभोळेपणाचा आव आणणारा मनुष्य प्रत्येक आळींत एक असतो, असें दिसतें. तो विषय येथें वाढविण्याचें कारण नाहीं.

वपनाच्या प्रकरणापाशीं वर्ग अडला. विधवा यमूचे केस बळानें काढले जातात, तो भाग वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एका मुलीनें सांगितलें कीं, तिच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणें त्यांच्यांत ही चाल नव्हती. नवरा मेला तर पाट लागत असे. ही गोष्ट बरोबर आहे. केशवपनाची सक्ती मुख्यतः ब्राह्मण व त्यांचें अनुकरण करणाऱ्या कांहीं जातींत होती. कुणबी, मराठे आदि अनेक समाजांत पाटाची रूढि होती. तेव्हां ‘तत्कालीन स्त्रीजीवन’ हा शब्द किती सैल आहे, हें मुलांना कोणीं न सांगतां कळलें. पाट लागला म्हणजे बाई सुखी झाली असें नव्हे, हेंही त्याच मुलीनें पुढच्या सोमवारीं आजीकडून आणलें.

पण सर्वांत अनपेक्षित प्रश्न ज्याच्या वडिलांचें केशकर्तनालय आहे अशा मुलानें केला. त्यानें लिहिलें: “न्हाव्याला काय वाटलें?” यमू आपली कथा आपल्या तोंडानें सांगते, तिला त्या वेळीं न्हाव्याच्या मनांत डोकावण्याची सवड कोठून असणार! तरी प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. ही कादंबरी छापूं लागली त्याच वर्षीं, १८९० सालीं, मुंबईंत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचें वपन करावयाचें नाहीं असें तींत ठरलें. बाईंनीं हें वाचून सांगितलें तेव्हां तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील दुकान उघडण्यापूर्वीं शाळेंत आले आणि ती हकीगत कागदावर लिहून द्यावी अशी त्यांनीं विनंती केली.

ती पळून कां गेली नाहीं, हा प्रश्न बहुतेक मुलग्यांचा. शिक्षक असल्या प्रश्नाला काळ वेगळा होता असें म्हणून वाटेस लावतात. वास्तविक तो टाळण्यासारखा नाहीं. विधवेला पुनर्विवाह करण्याची मोकळीक कायद्यानें १८५६ सालींच दिली होती. म्हणजे कादंबरीच्या प्रारंभीं त्याला चौतीस वर्षें झालीं होतीं. मात्र त्याच कायद्यानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क जात असे. पंडिता रमाबाईंचें शारदासदन मुंबईस १८८९ मध्यें निघालें आणि पुढच्या वर्षीं पुण्यास आलें. त्याच सदनांतील एका विधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं, म्हणजे हें पुस्तक निघालें त्याच वर्षीं, विवाह केला, आणि त्यापायीं मुरूडच्या गांवकऱ्यांचा बहिष्कार सोसला. दार होतें, तें अगदीं थोड्यांना दिसत होतें, आणि ज्यांना दिसलें त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. फळ्यावर या साली लिहिल्या गेल्या तेव्हां एक मुलगा म्हणाला, “मग यमूला कोणीं सांगितलंच नसेल, बाई.”

याच सुमारास एका वहीकडे बाईंचें लक्ष गेलें. मागच्या बाकावर बसणारी ही मुलगी कधीं चार ओळी लिहीत नसे. एका सोमवारीं तिनें विचारलें होतें, लग्न ठरवितांना दुर्गीला कोणीं विचारलें होतें काय? दुसऱ्या सोमवारीं, दुर्गी शाळेंत गेली असती तर? तिसऱ्या सोमवारीं पान कोरें होतें. बाई तिच्या घरीं गेल्या. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी जवळ आलेली, मुकादमाची उचल घेतलेली, आणि मुलीची सुपारी फुटण्याच्या बेतांत. तिला पंधरावें वर्ष होतें.

येथें बापाला दुष्ट ठरविणें सोपें आहे. तसें करणें अन्यायाचें होईल. “बाई, आम्ही सहा महिने कारखान्यावर. वयांत आलेली पोर कोणाच्या भरंवशावर ठेवूं? तिथं कोपींत ठेवूं?” असें त्यानें विचारलें. त्याला मुलीचें वाईट करावयाचें नव्हतें. त्याला भय वाटत होतें. २००६ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीचें लग्न लावणें हा गुन्हा आहे आणि गांवांत तो थांबविण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे, हें बाईंना ठाऊक होतें. सरकारच्या २०१९ ते २०२१ मधील पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें २२ टक्के स्त्रियांचें लग्न अठरापूर्वीं झालेलें होतें. तेव्हां कायद्यानें भय जात नाहीं हें उघडच आहे. बाईंनीं कायद्याची गोष्ट काढली, पण ती शेवटीं. आधीं त्यांनीं विचारलें, “दादा, पोरीला ठेवायला जागा मिळाली तर थांबाल?” ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें चालतात, जवळच्या वसतिगृहांत जेवणाची सोय झाली आणि रात्रीं मुलीनें मावशीकडे निजावें असें ठरलें. बाप कबूल झाला. त्यानें लग्न मोडलें नाहीं. फक्त या सालीं नको, असें पाहुण्यांना कळविलें. पुढच्या दिवाळीला काय होईल हें कोणीं सांगावें?

कादंबरी फेब्रुवारींत संपली. पुढें एप्रिलांत परीक्षेचा पेपर शाळेच्या नेहमींच्या वळणानें निघाला: यमूचें स्वभावचित्र रेखाटा, गुण दहा. बऱ्याच उत्तरपत्रिकांत ‘विदारक’ परत आलें; परीक्षेपुढें सोमवारच्या वह्यांचें काय चालणार! त्या मुलीनें मात्र यमूविषयीं एक अक्षरही न लिहितां दोन पानें दुर्गीवर लिहिलीं. नमुना उत्तराप्रमाणें पाहतां तिला शून्य द्यावयास हवें होतें. बाईंनीं सात गुण दिले. तीन कापले ते उत्तर अपुरें राहिलें म्हणून. शेवटचें वाक्य अर्धें असतांनाच घंटा झाली होती.