पुढची चाके आणि खर्चाची वही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही खर्चाच्या बाजूची एक लहान गोष्ट मांडणार आहोत, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची. कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना यंत्रांची घट आणि दुरुस्ती धरतो, पण सरासरीने. वाकड्या चाकाने खाल्लेला टायर त्या सरासरीत भरून येत नाही. तो आपल्या खिशातून जातो.

किती जातो? हिशेब सोपा आहे. पुढचा टायर ७० सेंटिमीटर व्यासाचा धरा. दोन चाकांमधले अंतर पुढून आणि मागून मोजले आणि फरक हवा त्याहून १४ मिलिमीटर जास्त निघाला, तर एका चाकाच्या वाट्याला ७ आले. ७०० ला ७ म्हणजे शंभराला एक. १०० किलोमीटर चालीत प्रत्येक टायर जवळजवळ १ किलोमीटर आडवा घासला जातो. मऊ मातीत हे कळत नाही. उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याला लागलात की कळते.

मोटारींसाठी शहरात अलाइनमेंटची दुकाने आहेत. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे हे काम मात्र घरच्या खळ्यावर होते. जॅक, पाने, खडू, ओळंबा आणि मोजपट्टी एवढे पुरे.

आधी टायर पाहा. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर बहुधा हवा कमी आहे. फक्त बाहेरच्या कडा झिजल्या असतील तर चाके पुढून जास्त आत वळलेली असावीत. आतल्या झिजल्या तर उलट.

मग ढिलाई तपासा. मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा अॅक्सल उचला आणि खाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. चाक वर-खाली आणि मागे-पुढे हलवा. बेअरिंग, किंगपिनचे बुश किंवा टाय रॉडचे टोक खेळत असेल तर आधी ते बदला. ढिल्या सांध्यावर घेतलेले माप दुसऱ्या दिवशी खोटे ठरते.

आता चाक फिरवत टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढा. ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर उतरवा, दोन्हीकडे हवा सारखी करा, चाके सरळ करून थोडा पुढे घ्या. दोन्ही टायरच्या पुढच्या टोकाला, म्हणजे हबच्या उंचीवर, रेघेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. मागच्या टोकालाही तसेच. ट्रॅक्टर बाजूला काढा आणि चार खुणांमधली दोन अंतरे मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवे. मिस्त्री त्यालाच टो-इन म्हणतात. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याला चालत नाही.

फरक चुकला तर टाय रॉडचे चेकनट ढिले करा. रॉड अॅक्सलच्या मागे असतील तर लांब केल्याने टो-इन वाढतो, पुढे असतील तर कमी होतो. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला कमी वळेल. आटे पुरेसे आत राहू द्या. नट आवळा, ट्रॅक्टर थोडा चालवा आणि पुन्हा मोजा.

एक गोष्ट शेतीशास्त्र शिकलेल्यांनी सांगायची राहून जाते. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या ओळींप्रमाणे आपण पुढच्या चाकांमधले अंतर बदलतो. अॅक्सल दोन्ही बाजूंनी सारखा सरकवला तरी टाय रॉडही तेवढेच बदलावे लागतात. म्हणून पेऱ्याची ओळ बदलली की टो-इन पुन्हा मोजायचाच.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने एक दिवस ठरवावा आणि गावातले सगळे ट्रॅक्टर एकाच खळ्यावर मोजावेत. प्रत्येकाने वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, तासमीटरचा आकडा, पुढचे माप, मागचे माप. टायर बदलला की त्याची किंमतही त्याच पानावर लिहावी. उद्या आपण उत्पादनखर्चावर बोलायला उभे राहू, तेव्हा टाळता येणारा खर्च आपण टाळलेला असेल. उरलेल्या खर्चाचा एकेक आकडा आपल्या हातात असेल आणि तो मागताना आवाज दबणार नाही.